रिटेनर बसत नाही, आणि बाबांना सांगायची भीती वाटते

प्रश्न : मॅडम, मी २१ वर्षांची आहे. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. गाव लातूर जिल्ह्यात. माझ्या वरच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये फट होती आणि खालचे दात एकमेकांवर चढलेले होते. बाबांनी हप्त्याहप्त्याने पैसे भरून ब्रेसेस लावून दिल्या. दीड वर्षापूर्वी त्या निघाल्या. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून वरच्या दातांना काढता-घालता येणारा पारदर्शक रिटेनर दिला, खाली आतल्या बाजूने बारीक तार चिकटवली. वर्षभर मी रिटेनर नीट वापरला. मग सबमिशन, परीक्षा, रूम बदलली आणि जवळजवळ चार महिने तो डबीतच राहिला. वास येत होता म्हणून गरम पाण्यात टाकून टूथपेस्टने घासला. आता घालायला गेले तर एका बाजूला बसतच नाही, दुखतं. पुढे पुन्हा बारीक फट दिसतेय. खालची तारही एका टोकाला जिभेला टोचते. मैत्रीण म्हणते, अक्कलदाढ येत असेल म्हणून दात सरकले. रबर बँड लावून फट बंद करायचा एक व्हिडिओ पाहिला, तसं करून बघू का? आणि हा रिटेनर घालायचा तरी किती वर्षं? बाबांना सांगायची हिंमत होत नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर :

आधी रबर बँडचं बोलू. तो लावू नकोस. आणून ठेवला असशील तर टाकून दे. दाताचं मूळ हिरडीच्या आत निमुळतं होत जातं. त्यामुळे दोन दातांभोवती अडकवलेला बँड जागेवर राहत नाही, घसरत घसरत हिरडीच्या आत शिरतो. बाहेरून तो दिसेनासा झाला की वाटतं झोपेत पडला असेल. प्रत्यक्षात तो मुळाच्या दिशेने सरकत असतो आणि वाटेतलं हाड झिजत असतं. एकही कीड नसलेले, धडधाकट दात अशाने हलायला लागतात; ते गमवावे लागल्याचीही उदाहरणं आहेत. फट बंद होताना दिसते हे खरं, म्हणून तर असे व्हिडिओ चालतात. पुढच्या काही महिन्यांत त्या हिरडीचं काय झालं, ते त्यात कुणी दाखवत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या या उत्तरात सगळ्यांत महत्त्वाची तीच आहे. याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे. परीक्षा होऊ दे, सुट्टीत गावी गेल्यावर बघू, असं करू नकोस. सरकलेले दात लवकर दाखवले तर बहुतेकदा नव्या रिटेनरवर किंवा थोड्याशा उपचारावर भागतं. आणखी वर्षभर थांबलीस तर पुन्हा ब्रेसेसची गोष्ट निघू शकते. तुझ्या पत्रात दातांपेक्षा भीती जास्त आहे, ती मला समजते. पण याच भीतीपायी मुलं-मुली महिनोन्‌महिने दवाखान्याकडे फिरकत नाहीत आणि सोपं काम अवघड होऊन बसतं. डॉक्टर रागावतील असं वाटत असेल तर एवढं लक्षात घे, की रिटेनर घालणं सोडून दिलेला पेशंट ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, नवा नसतो.

वेळ मिळेपर्यंत आरशासमोर एक तपासणी कर. रिटेनर गार पाण्याने धू. दोन्ही अंगठ्यांनी मागच्या दाढांवर आणि मग पुढे, समान दाब देत बसवून बघ. दातांनी चावून बसवू नकोस, त्याने तो तडकतो. मग मोबाइलचा टॉर्च लावून पटाशीच्या आणि सुळ्यांच्या टोकांकडे नीट पाहा. प्लास्टिक दाताच्या टोकाला टेकलेलं आहे, की मध्ये पोकळी दिसते? थोडं आवळल्यासारखं वाटतंय पण सगळीकडे टेकलंय, असं असेल तर जेवणखाण सोडून दिवसरात्र घाल. दोन-चार दिवसांत तो आवळपणा कमी होतो. पण एका बाजूला पोकळी राहत असेल, बोटाने दाबल्यावर बसतो आणि सोडल्यावर वर येतो, किंवा एकाच दातावर कळ येते, तर जबरदस्ती थांबव आणि डॉक्टरांना फोनवर हे नेमकं असंच सांग. तुझ्या लिहिण्यावरून मला दुसरा प्रकार वाटतो.

यात एक शक्यता तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. तू रिटेनर गरम पाण्यात टाकलास. हे पारदर्शक रिटेनर म्हणजे प्लास्टिकचा पत्रा तापवून, मऊ करून दातांच्या साच्यावर ओढून बसवलेला असतो. तो पुन्हा तापला की आकार सोडतो. गीझरच्या कडक पाण्यातही तो किंचित वाकू शकतो, आणि दातांच्या बाबतीत किंचित म्हणजे पुष्कळ. म्हणजे बसत नाही यात दात किती सरकले आणि रिटेनर किती बिघडला, हे घरबसल्या कळणार नाही. डॉक्टरांना मात्र ते ओळखणं सोपं आहे. ब्रेसेस काढल्यावर रिटेनर ज्या साच्यावर बनवला, तो प्लास्टरचा साचा किंवा त्याचं स्कॅन त्यांच्याकडे असेल, तर ते तुझा रिटेनर त्या साच्यावर घालून बघतील. तिथे नीट बसला तर दात हललेत. तिथेही अडला तर रिटेनर वाकलाय. म्हणून फोन करतानाच विचार, माझा जुना साचा ठेवलाय का. थोडी फट पडलीच आहे, तेव्हा दात मुळीच हलले नाहीत असं मी म्हणणार नाही. पण तुला वाटतंय तेवढं नुकसान कदाचित झालेलंही नसेल.

चार महिन्यांत दात हलतातच कसे, हा तुझा न विचारलेला प्रश्न. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचं अस्तर असतं आणि ब्रेसेसच्या ताणाने दात सरकतो तो त्यामुळेच. ब्रेसेस निघतात त्या दिवशी दात नव्या जागी आलेला असतो, पण त्याच्या भोवतीचं सगळं अजून कच्चं असतं. स्लॅब टाकल्यावर सेंटरिंग लगेच काढत नाहीत, तसंच हे. मूळ आणि हाड यांच्यामधले तंतू तीन-चार महिन्यांत बऱ्यापैकी नव्याने जुळतात. हिरडीतले तंतू, जे एका दाताकडून शेजारच्या दाताकडे जातात, ते मात्र फार चिवट. नॉर्वेचे काअरे रायटान यांनी कुत्र्यांचे दात फिरवून हे तपासलं होतं. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात दात फिरवून धरून ठेवल्यानंतर २३२ दिवसांनीही हिरडीतले काही तंतू ताणलेलेच आढळले. ताणलेला तंतू दाताला जुन्या जागेकडे ओढतो. खालचे वेडेवाकडे, फिरलेले दात आणि वरची मधली फट, या दोन्ही गोष्टी पुन्हा डोकं वर काढण्यासाठी बदनाम आहेत आणि तुझ्याकडे नेमक्या याच दोन्ही होत्या. वरच्या ओठाच्या आतून हिरडीकडे येणारा मांसल पडदा जाड असेल तर फट आणखी हट्टी होते. डॉक्टरांना तोही बघायला सांग. अशा वेळी फट बंद केल्यावर वरच्या दोन दातांमागे छोटी तार चिकटवून देतात, मग ती तुझ्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. माझ्या मते तुझ्यासाठी हा पर्याय विचारण्यासारखा आहे.

मग किती वर्षं घालायचा? खरं उत्तर असं, की दात सरळ राहावेत असं जितकी वर्षं वाटेल तितकी वर्षं, रात्री. हे ऐकून मुलांचे चेहरे पडतात, म्हणून काही जण त्यांना एक-दोन वर्षं असं सांगून मोकळे होतात. मला ते पटत नाही. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदाढा काढून ब्रेसेस लावलेल्या ६५ जणांचे दात रिटेनर बंद झाल्यावर किमान दहा वर्षांनी पुन्हा मोजले. १९८१ साली ते निष्कर्ष छापून आले. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या खालच्या पुढच्या दातांची रांग समाधानकारक राहिली नव्हती. आणि कुणाची बिघडेल, कुणाची टिकेल हे आधी ओळखता येईल अशी एकही खूण त्यांना सापडली नाही. शिवाय वय वाढतं तसे खालचे पुढचे दात थोडे दाटतातच. ज्यांनी आयुष्यात ब्रेसेस लावल्या नाहीत त्यांचेही दाटतात. तुझ्या आईला विचार, विशीतला फोटो आणि आजचा आरसा यात खालच्या दातांत फरक पडलाय का.

पण रात्री म्हणजे फक्त रात्री. सुरुवातीचे काही महिने कुणी दिवसभर घालायला सांगतात, कुणी पहिल्यापासून रात्रीच पुरे म्हणतात. डॉक्टरागणिक यात फरक असतो, तुझ्या डॉक्टरांचं ऐक. एकदा बसणी पक्की झाली की झोपताना ब्रश करायचा आणि घालायचा, इतकंच. एखादी रात्र राहिली तर काही बिघडत नाही. दुसऱ्या रात्री आवळलेला वाटला, तर तेवढ्यात दात हलू लागलेत आणि तुला अजून रोजच घालायची गरज आहे, असं समज.

मैत्रिणीची अक्कलदाढेची शंका जुनी आहे, आमच्या पिढीतही हेच सांगत. अक्कलदाढ मागून ढकलते आणि पुढचे दात वाकडे होतात याला पुरावा मिळालेला नाही. ज्यांना अक्कलदाढा मुळातच नाहीत त्यांचेही पुढचे दात दाटतात. ती दुखत असेल, किडली असेल, हिरडी सुजवत असेल तर जरूर दाखव. पुढचे दात सरळ ठेवायला म्हणून मात्र काढून घेऊ नकोस.

आता खालची तार. पत्रात तू तिच्याबद्दल एकच ओळ लिहिलीस, पण मला ती फटीपेक्षा जास्त तातडीची वाटते. टोचतंय म्हणजे एका टोकाचा चिकटवलेला ठिपका बहुधा सुटलाय. उरलेल्या दातांना तार धरून आहे आणि एक दात मोकळा झालाय. तो एकटाच सरकतो. सुटलेलं टोक वाकलं तर ते दाताला भलत्याच दिशेला ढकलूही शकतं. ती स्वतः ओढू नकोस, नेलकटरने कापू नकोस. ब्रेसेसच्या वेळी मिळालेलं मेण उरलं असेल तर त्याची छोटी गोळी करून टोकावर दाब, म्हणजे जीभ वाचेल. दवाखान्यात पुन्हा चिकटवायला फार वेळ लागत नाही. आणि तिथे गेलीसच तर कीटणही काढून घे. जिभेखाली, खालच्या पुढच्या दातांच्या अगदी मागे लाळग्रंथींची तोंडं उघडतात, म्हणून कीटण सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त तिथेच साचतं. त्यात तुझी तार. साध्या ब्रशने तिच्याखालचं निघत नाही. औषधाच्या दुकानात दातांच्या फटीत घालायचा बारीक गोल ब्रश मिळतो, तो तारेखालून दातांच्या मधोमध घाल आणि पुढेमागे फिरव. सुरुवातीला रक्त येईल. हिरडी सुजलेली असल्यामुळे ते येतं, म्हणून घाबरून थांबू नकोस. आठवडा-दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखव.

वास आणि पांढरा थर यांचं कारण सोपं आहे. रिटेनरवर लाळेचा आणि जंतूंचा थर बसतो. तो ओला असताना काढला तर बोटानेही निघतो, वाळला की चिकटतो. म्हणून सकाळी तोंडातून काढल्याकाढल्या गार पाण्याखाली धर, मऊ ब्रशवर भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचा किंवा हँडवॉशचा एक थेंब घे आणि आतून-बाहेरून घास. आतली बाजू लोक विसरतात, आणि वास तिथूनच येतो. टूथपेस्ट नको. तिच्यातल्या बारीक खरखरीत कणांनी प्लास्टिकवर ओरखडे पडतात. ते डोळ्यांना फक्त धुरकट दिसतात, पण जंतू त्यातच ठाण मांडतात, आणि मग तू आणखी जोरात घासतेस. रिटेनरसाठी वेगळा ब्रश ठेव.

वसतिगृहात बोअरचं पाणी असेल तर क्षारांचा पांढरा खडबडीत थरही बसतो. त्याला साधं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच गार पाणी एकत्र करून पंधरा-वीस मिनिटं त्यात बुडवून ठेव, मग घासून खळखळून धू. कवळी साफ करायच्या गोळ्या मिळतात, त्याही आठवड्यातून एकदा चालतात. पाकिटावर गरम पाणी लिहिलेलं असलं तरी तू कोमटच घे. ब्लीच नको. स्पिरिटही नको. ज्यांच्याकडे पारदर्शक रिटेनरऐवजी तारेची आणि गुलाबी टाळूची प्लेट आहे त्यांनी व्हिनेगर किंवा गोळ्यांत ती फार वेळ बुडवू नये, धातूला ते मानवत नाही.

ही प्लेट वापरणाऱ्या इतर वाचकांसाठी इथेच आणखी थोडं. चार्ल्स हॉली या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टचं नाव तिला आहे, शंभर वर्षांहून जास्त काळ ती वापरात आहे. मजबूत असते, सैल झाली तर डॉक्टरांना तार पक्कडने पुन्हा आवळता येते. तिचा मुख्य त्रास, बोलताना ती आड येते. चमचा, जहाज, साखर म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच प्लेट असते. रोज वर्तमानपत्रातलं एखादं पान मोठ्याने वाचलं की काही दिवसांत उच्चार जागेवर येतात. लाळ सुटते, तीही चार दिवसांत थांबते.

खाण्यापिण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो : रिटेनर तोंडात असताना फक्त पाणी. चहाचं तापमान त्याला वाकवतं, हळदीच्या दुधाने तो एका रात्रीत पिवळा पडतो आणि ते पिवळं जात नाही. त्याहून वाईट म्हणजे उसाचा रस, सरबत, कोल्ड्रिंक. गोड पातळ पदार्थ प्लास्टिक आणि दात यांच्यामध्ये जाऊन अडकतो, लाळ तिथे पोहोचत नाही आणि दात साखरेत भिजत राहतो. ब्रेसेसने सरळ केलेले दात अशाने किडलेले पाहिले की मला फार वाईट वाटतं.

मेसमध्ये जेवताना काढलास तर टिश्यूमध्ये गुंडाळून ताटाजवळ ठेवू नकोस. रिटेनर हरवतात ते बहुतेक असेच, उष्ट्या ताटाबरोबर. डबी दप्तरात असू दे, भोकं असलेली, म्हणजे आत कुबट वास धरत नाही. डबीही धुवावी लागते. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलास तर गरम पाण्यासारखंच होईल.

नवा रिटेनर करायचा झाला तर एक मागणी आठवणीने कर : साचा किंवा स्कॅनची फाइल मला द्या, किंवा जपून ठेवा. दात सरळ असताना त्याच साच्यावर दुसरा रिटेनर करून ठेवता आला तर उत्तम. पारदर्शक रिटेनर झिजतात, तडकतात, ते जन्मभर पुरत नाहीत. जोडीला एक असला की पहिला तुटल्यावर नवा येईपर्यंतचे दिवस वाया जात नाहीत.

आणि बाबा. त्यांना फोन कर आणि सरळ सांग : चार महिने मी रिटेनर घातला नाही, दात थोडे सरकलेत, मी अमुक दिवशी डॉक्टरांकडे जातेय. चौथं वाक्य जोडायची गरज नाही. हप्ते भरून मुलीचे दात सरळ करून देणाऱ्या माणसाला, ती स्वतःहून सांगतेय आणि स्वतःच वेळ घेतेय, हे ऐकून राग आला तरी तो टिकत नाही. उलट दिवाळीत जेवताना त्यांनाच फट दिसली तर ते तुला जास्त जड जाईल. खर्चाचं म्हणशील तर रिटेनरचा खर्च ब्रेसेसच्या मानाने खूपच थोडा असतो. तार पुन्हा चिकटवायला तर त्याहून कमी. तरीही पैशांची अडचण असेल, किंवा दात जास्त सरकले असतील आणि पुन्हा उपचार लागणार असतील, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभाग आहे आणि खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. पुण्यातल्या दंत महाविद्यालयांच्या ओपीडीतही चौकशी कर. तिथे वेळ जास्त जातो, पण पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कामावर अनुभवी प्राध्यापकांची नजर असते.

जाताना जुना रिटेनर डबीत घालून सोबत ने, वाकलेला असला तरी. ब्रेसेसच्या आधीचे आणि काढल्यानंतरचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर शोधून ठेव. आणि रिटेनर किती दिवस घातला नाहीस ते विचारलं तर खरा आकडा सांग, त्यावरच पुढचं सगळं ठरतं.